निवृत्तीनंतरची क्रूझ सहल: खानदेशातून निघणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

क्रूझचं बुकिंग करताना आपल्याकडे क्रमच उलटा लागतो. आधी मोबाइलवर ऑफर दिसते, मग आगाऊ रक्कम जाते, मग व्याह्यांना फोन जातो. त्यानंतर कुणाच्या तरी लक्षात येतं की नानांचा पासपोर्ट चार महिन्यांत संपतोय, किंवा आक्कांना रात्री दोनदा उठावं लागतं आणि केबिनच्या बाथरूमला उंबरा आहे. एजंट यातलं काही विचारत नाही, कारण त्याचं काम पैसे भरले की संपतं.

भाडं पाचव्या पायरीवर बघायचं. त्याआधीच्या चार पायऱ्या घरबसल्या होतात आणि त्यांना जवळपास खर्च नाही. भुसावळचे निवृत्त रेल्वेवाले असोत, जिल्हा परिषदेचे गुरुजी असोत की केळी मुलांच्या हवाली करून मोकळे झालेले रावेर-यावलचे शेतकरी, हा क्रम सगळ्यांना सारखाच लागू पडतो.

## १. आधी शरीराचा हिशेब

जहाजावर चालावं लागतं, आणि बरंच. केबिन एका टोकाला, जेवणाचा हॉल दुसऱ्या टोकाला, नाटकाचं सभागृह तिसऱ्याच मजल्यावर. लिफ्ट असतात, पण जेवणाच्या वेळी त्यांच्यापुढे रांग लागते. त्यामुळे घरी एकच चाचणी करा: सलग वीस मिनिटं चालणं आणि त्यानंतर कठडा धरून एक मजला चढणं जमतं का? जमत नसेल तर सहल रद्द करायची नाही, पण केबिन आणि मार्ग वेगळा निवडावा लागेल. लांब पल्ल्यासाठी व्हीलचेअर लागणार असेल तर ते बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. टर्मिनलवर मिळणारी व्हीलचेअर बहुधा चढण्या-उतरण्यापुरतीच असते, पुढे स्वतःची लागते.

डॉक्टरांकडे जाताना सरळ सांगा, "बोटीवर जातोय, मळमळीची गोळी द्या." हे सांगणं महत्त्वाचं, कारण बोट लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या बहुतेक गोळ्यांनी झोप येते, तोंड कोरडं पडतं आणि प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी तुंबू शकते. काचबिंदू असणाऱ्यांनाही यातल्या काही गोळ्या चालत नाहीत. मेडिकलवाल्याकडून परस्पर आणलेली पट्टी इथे उपयोगाची नाही.

औषधांची चिठ्ठी नव्याने लिहून घ्या. छापील, कंपनीच्या नावासोबत औषधाचं मूळ नाव असलेली, आणि सही-शिक्क्याची.

## २. कागद जुळतात का ते बघा

मुंबई-गोवा किंवा लक्षद्वीपच्या देशांतर्गत फेरीला पासपोर्ट लागत नाही. आधार किंवा दुसरं सरकारी फोटो ओळखपत्र चालतं. लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो. तो साधारणपणे जहाज कंपनीच काढते, पण त्यासाठी कागद वेळेत पाठवावे लागतात.

परदेशी फेरीला पासपोर्ट प्रवास संपल्यापासून पुढे किमान सहा महिने चालणारा हवा. त्याची मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, तेव्हा शेवटपर्यंत थांबू नका. खानदेशातून पासपोर्टसाठी आता नाशिक-मुंबई गाठावी लागतेच असं नाही, जळगावला पोस्टातच सेवा केंद्र आहे. पण पोलीस पडताळणीला किती दिवस लागतील हे कुणाच्या हातात नसतं.

खरी गोम आहे नावात आणि जन्मतारखेत. आपल्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिली. आधारवर मात्र वेगळीच पडली आहे. बायकांच्या कागदांवर एकीकडे माहेरचं नाव, दुसरीकडे सासरचं. आधारवर 'सुनील आर. पाटील', पासपोर्टवर 'सुनील रामभाऊ' हे नाव आणि 'पाटील' हे आडनाव. बुकिंगमध्ये एजंटने यातलं जे पहिलं दिसलं ते टाकलेलं असतं.

तपासा: ज्या कागदावर प्रवास करणार, त्यावर जसं नाव आहे तसंच्या तसं बुकिंगमध्ये हवं. तिकीट हातात आल्यावर पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. चूक पहिल्या दिवशी सापडली तर बहुधा सहज दुरुस्त होते.

व्हिसाबाबत एकच मुद्दा लोक चुकतात. सिंगापूरहून जहाज निघून मलेशिया-थायलंड करून परत सिंगापूरला येतं, म्हणजे तुम्ही सिंगापूरमध्ये दोनदा शिरता. युरोपच्या फेरीतही जहाज शेंगेन देशांबाहेर (एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपातल्या देशांबाहेर) जाऊन परत येऊ शकतं. व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे वाचून बघा. वाटेत ज्या-ज्या देशाच्या बंदराला जहाज लागणार, त्या प्रत्येकाचे नियम बघावे लागतात, तुम्ही खाली उतरणार नसलात तरी. सिंगापूरचं आगमन कार्ड ऑनलाइन आणि मोफत भरायचं असतं, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत. विमानाने उतरताना एकदा आणि जहाजाने परतताना पुन्हा. ते भरून देण्याचे पैसे मागणाऱ्या वेबसाइटवर जाऊ नका.

## ३. मोसम आणि मार्ग

जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. मुंबईहून क्रूझचा मोसम साधारण ऑक्टोबरपासून मेपर्यंत. त्यातही दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याची सुट्टी सोडून द्या. भाडं चढतं, लिफ्टमध्ये पोरं सगळ्या मजल्यांची बटणं दाबतात आणि न्याहारीला बसायला टेबल मिळत नाही.

मुंबईहून कॉर्डेलिया क्रूझेसचं 'एम्प्रेस' जहाज २०२१ पासून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दोन-तीन रात्रींची अशी फेरी करावी, हे माझं ठाम मत. सात रात्रींची परदेशी क्रूझ थेट घेऊन दुसऱ्या दिवशी बोट लागली, तर पाच दिवस पलंगावर काढावे लागतात. आपण तापीकाठची माणसं, आपल्याला समुद्राची सवय नाही.

फेरी कुठल्या वारी निघते तेही बघा. शुक्रवारी सुटणाऱ्या फेरीत कंपन्यांचे गट आणि मित्रमंडळी भरलेली असतात, डीजे उशिरापर्यंत वाजतो. सोमवारी-मंगळवारी निघणारी फेरी शांत आणि बरेचदा स्वस्तही. निवृत्त माणसाला शुक्रवारची गरज काय?

मार्ग निवडताना लोक बंदरं मोजतात: पाच रात्रींत चार बंदरं, म्हणजे पैसे वसूल. साठीनंतर हिशेब उलटा धरावा. जहाज दिवसभर समुद्रातच असतं तो दिवस खरा आरामाचा. रोज बॅग भरायची नाही, हॉटेल बदलायचं नाही, बसची वाट बघायची नाही. किमान एक असा दिवस असलेली फेरी घ्या.

लक्षद्वीपचा एक इशारा. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. समुद्रातच छोट्या बोटीत उतरून किनाऱ्यावर जावं लागतं. बोट वर-खाली होत असते, दोन खलाशी दंड धरतात आणि नेमक्या क्षणी पाय टाकायचा असतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी हे आधीच विचारात घ्यावं. आणि नऊवारी किंवा घोळदार साडीत हे करू नये, पंजाबी ड्रेस बरा.

दुबई-अबुधाबीच्या फेऱ्या हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. याच काळात पेन्शनरांचा हयातीचा दाखला येतो. नोव्हेंबरात प्रवास असेल तर पहिल्या आठवड्यात दाखला देऊन मोकळे व्हा, नाहीतर सगळी सहल बँकेच्या फोनची वाट बघण्यात जाईल.

## ४. केबिन: इथे घाई करू नका

केबिनचे मुख्य प्रकार चार: खिडकी नसलेली आतली, खिडकीची, बाल्कनीची आणि 'सूट', म्हणजे बसायला वेगळी जागा असलेली मोठी केबिन. बहुतेकांचा प्रश्न असतो, 'बाल्कनी घ्यावी का?' त्याआधीचा प्रश्न आहे, 'केबिन जहाजात नेमकी कुठे आहे?'

जहाज सर्वांत कमी हलतं ते मधोमध आणि खालच्या मजल्यांवर. पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यांवर हेलकावे जास्त जाणवतात. त्यामुळे चक्कर येणाऱ्यांनी उंचावरच्या टोकाच्या बाल्कनीपेक्षा खालची मधली खिडकीची केबिन घ्यावी. ती स्वस्तही पडते.

कंपनीच्या वेबसाइटवर प्रत्येक मजल्याचा नकाशा असतो. तो मुलाकडून मोठा छापून घ्या आणि आपल्या केबिनच्या डोक्यावर काय आहे, पायाखाली काय आहे ते बघा. डोक्यावर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खाली नाचगाण्याचा हॉल असेल तर रात्री झोप नाही. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असलेली जागा सर्वांत चांगली. लिफ्ट चार-सहा दारांवर असावी, अगदी समोर नको.

'गॅरंटी' नावाची स्वस्त केबिन असते. तिच्यात प्रकार पक्का, नंबर मात्र कंपनी देईल तो. तरुणांना ठीक आहे. आपल्या वयात हे शे-पाचशे वाचवणं महागात जातं.

दोघं मिळून जाणार असाल तर पलंग जोडलेले की वेगळे, ते कळवा. एकटं जाणाऱ्यांना बरेचदा जवळपास दोघांचं भाडं भरावं लागतं. त्यापेक्षा सोबत्याला घेणं परवडतं, फक्त तो घोरतो का ते आधी विचारा.

बाल्कनी घेतलीच तर बाजू बघा. मुंबईहून गोव्याकडे जाताना सूर्यास्त जहाजाच्या उजव्या अंगाला दिसतो, परतताना डाव्या.

बाथरूम नीट समजून घ्या. दाराला उंबरा असतो, जागा एवढीशी की वळताना कोपर भिंतीला लागतं. संडास कमोडचा आणि हवेच्या दाबाने ओढून घेणारा. बटण दाबलं की बंदुकीसारखा आवाज होतो. बसलेलं असताना दाबू नका, आणि कागदाखेरीज काहीही आत टाकू नका. तो तुंबला तर शेजारच्या केबिनींचाही तुंबतो. पाण्याचा जेट सगळ्या जहाजांवर नसतो, तेव्हा प्लास्टिकचं टमरेल बॅगेत असू द्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही. अनुभवी माणूस आधी तेच भरतो.

तपासा: व्हीलचेअर किंवा रुंद वॉकर असेल तर साध्या केबिनच्या दारातून बहुधा जात नाही. त्यासाठी रुंद दाराच्या, उंबरा नसलेल्या वेगळ्या केबिनी असतात. त्या मोजक्याच असतात आणि लवकर भरतात.

## ५. आता भाडं

जाहिरातीतला आकडा हा अर्धाच हिशेब. त्यावर बंदराचं शुल्क, कर आणि माणशी दर रात्रीची टीप लागते. ही टीप बऱ्याच जहाजांवर बिलात आपोआप चढते. दारू, थंड पेयं, बाटलीतलं पाणी, इंटरनेट, खास रेस्टॉरंट, किनाऱ्यावरच्या सहली, डॉक्टर हे सगळं वेगळं. मुख्य हॉलमधलं जेवण, नाटक, गाणी हे भाड्यात.

एजंटकडून चार गोष्टी लेखी घ्या, व्हॉट्सअॅपवर का होईना:

१) सगळे कर आणि टीप धरून दोघांचा एकूण आकडा.
२) केबिनचा नंबर.
३) किती दिवस आधी रद्द केलं तर किती कापणार.
४) जहाज कंपनीचा बुकिंग क्रमांक.

क्रमांक मिळाल्याबरोबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा. तिथे तुमचं नाव दिसत नाही तोवर बुकिंग झालेलं नाही. पैसे कुणाच्या वैयक्तिक खात्यात टाकू नका. ओळखीतला पोरगा असला तरी पावती फर्मच्या नावाची.

परदेशी पॅकेजवर टीसीएस कापला जातो. तो खर्च नव्हे, आगाऊ भरलेला कर आहे. पॅन नंबर बरोबर दिलात तर २६एएसमध्ये (आयकर खात्याकडच्या तुमच्या कराच्या नोंदीत) दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो.

जहाजावर बहुतेक ठिकाणी नोटा चालत नाहीत. चढताना कार्ड नोंदवायचं किंवा रोख ठेव भरायची, आणि मग जहाजाकडून मिळणाऱ्या क्रूझ कार्डावर सगळं. इथे पेन्शनरांची अडचण होते, कारण हातात डेबिट कार्डच असतं. डेबिट कार्ड नोंदवलं की जहाज त्यातली काही रक्कम अडकवून ठेवतं आणि ती सुटायला परतल्यावरही दिवस जातात. क्रेडिट कार्ड किंवा रोख ठेव बरी. परदेशी व्यवहार कार्डावर बंद असतात. बँकेच्या अॅपमधून ते निघण्याआधी चालू करून घ्या.

## ६. विमा

घरचा मेडिक्लेम जहाजावर साधारणतः चालत नाही. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी आणि औषधांचे पैसे लागतात, परदेशी जहाजावर डॉलरमध्ये. प्रवासी विम्यात तीन शब्द शोधा: क्रूझ, आधीपासूनचे आजार, आणि जहाजावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च. बीपी-साखर लपवून घेतलेला विमा ऐनवेळी नाकारला जातो. स्वस्तातला विमा बहुतेक वेळा याच तीन शब्दांवर स्वस्त झालेला असतो.

## ७. बॅगा दोन: एक सोपवायची, एक खांद्यावर

मोठी बॅग टर्मिनलवर ताब्यात घेतली जाते आणि केबिनच्या दाराशी संध्याकाळी, कधी त्याहून उशिरा येते. ही गोष्ट माहीत नसल्याने दुपारची साखरेची गोळी मोठ्या बॅगेत गेलेली असते. खांद्यावरच्या पिशवीत हे हवं: कागद, सगळी औषधं, चष्मा, मोबाइलचा चार्जर, एक कपड्यांचा जोड, शाल. शाल आवर्जून. वैशाखात भुसावळला पारा पंचेचाळिशीला टेकतो म्हणून गरमीची धास्ती घेऊन माणसं फक्त सुती कपडे भरतात आणि जहाजाच्या एसीत कुडकुडतात.

औषधं सहलीच्या दिवसांच्या दुप्पट घ्या, मूळ पट्टीतच. डबीत सुट्या केलेल्या गोळ्या कुणालाच ओळखता येत नाहीत. झोपेच्या काही गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं दुबई आणि सिंगापूरला नियंत्रित यादीत आहेत. चिठ्ठी तर हवीच, काहींना पूर्वपरवानगी लागते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी केबिनमधल्या फ्रिजवर विसंबू नये, तो बरेचदा नुसता गार असतो. चढल्याबरोबर दवाखान्यात विचारा.

घरीच ठेवा: इस्त्री, पाणी तापवायची किटली, हीटरचा रॉड, एक्स्टेंशन बोर्ड, अडकित्ता, सुरी. देवाची छोटी पेटी न्या, पण निरांजन, उदबत्ती, कापूर नको. जहाजावर आगीइतकी धास्ती दुसऱ्या कशाची नसते.

खाण्याचं सांगायलाच हवं. शेव, खाकरा, पापड, ठेच्याची बरणी आणि कळण्याच्या भाकरीची चळत घेतल्याशिवाय आपलं माणूस घर सोडत नाही. घरी शिजवलेलं अन्न जहाजावर नेऊ देत नाहीत. कंपनीचं सील असलेला कोरडा खाऊ काही जहाजं चालवून घेतात, काही नाही, तेव्हा नियम आधी वाचा. परदेशात बंदराला उतरताना सोबत खाऊ नेऊ नका.

सावध: खसखस सिंगापूर आणि दुबई दोन्हीकडे बंदी असलेल्या यादीत आहे. घरच्या काळ्या मसाल्यात खसखस भाजून घातलेली असते, म्हणून तो डबा इथेच राहू द्या. चघळायच्या तंबाखूवरही सिंगापूरमध्ये बंदी आहे. पुडी, गुटखा, मिश्री यातलं काहीही खिशात राहिलेलं चालणार नाही. निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक पँटचे आणि कोटाचे खिसे उलटे करून झटका.

शाकाहारी आणि जैन जेवण भारतीय आणि सिंगापूरच्या फेऱ्यांवर सहज मिळतं, पण बुकिंगमध्ये नोंदवावं लागतं. शेवभाजीची तर्री मात्र मिळणार नाही.

## ८. खानदेशातून बंदरापर्यंत

जहाज सुटणार त्याच दिवशी सकाळी मुंबईत पोहोचणारी गाडी पकडू नका. या लेखातली एकच सूचना पाळायची असेल तर ही पाळा. भुसावळ ते सीएसएमटी सुमारे साडेचारशे किलोमीटर. उत्तरेकडून येणाऱ्या गाड्या हिवाळ्यात धुक्यामुळे उशिरा धावतात आणि क्रूझचा मोसमही तोच. कसारा घाटात काही अडलं की मागच्या सगळ्या गाड्या अडतात. जहाज कुणासाठी थांबत नाही आणि पैसेही परत देत नाही.

जळगाव, पाचोरा, चाळीसगावकरांनी एक दिवस आधीची सीएसएमटीला जाणारी गाडी घ्यावी. धुळेकरांनी चाळीसगावमार्गे, शिरपूरकरांनी मालेगाव-नाशिक रस्त्याने. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडून सुरतमार्गे पश्चिम रेल्वे आहे, पण ती उतरवते दादर-वांद्र्याकडे. मुक्काम फोर्ट किंवा सीएसएमटीजवळच करा. मुंबईचं क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला, सीएसएमटीपासून टॅक्सीने थोडक्या अंतरावर आहे. दक्षिण मुंबईत रिक्षा नाही, टॅक्सीच करावी लागते.

परदेशातून निघणाऱ्या जहाजालाही हाच नियम. विमान आदल्या दिवशीचं.

## ९. चढण्याचा दिवस

वेब चेक-इन घरूनच झालेलं असावं. फोटो, कागद, आरोग्याची माहिती भरली की बोर्डिंग पास मिळतो आणि त्यावर यायची वेळ असते. त्या वेळेआधी दोन तास जाऊन बसण्यात अर्थ नाही, बाहेरच ताटकळावं लागतं.

बॅगेला लावायचे टॅग छापून, घडी घालून, हँडलला स्टेपल करा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी मारा. टॅगवर केबिन नंबर असतो. टॅग फाटला की बॅग तळमजल्यावर अनोळखी ढिगात जाते.

मग क्रम असा: बॅग सोपवणं, सुरक्षा तपासणी, कागदांची तपासणी, परदेशी फेरी असेल तर इमिग्रेशन, फोटो, क्रूझ कार्ड. हे कार्ड म्हणजे किल्ली, ओळखपत्र आणि पाकीट तिन्ही. गळ्यात अडकवायची दोरी घरूनच न्या.

काही जहाजं पासपोर्ट आपल्याकडे ठेवून घेतात. त्याची छायाप्रत आणि मोबाइलमध्ये फोटो, दोन्ही असू द्या.

## १०. पहिले चोवीस तास

चढल्याबरोबर सगळे बुफेकडे धावतात. तुम्ही आधी मस्टर स्टेशन बघून या. संकटात जमायची ती जागा, तिचं अक्षर किंवा क्रमांक कार्डावर छापलेला असतो. सुरक्षेची कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर होते आणि सर्वांना सक्तीची असते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. केबिनमधलं लाइफ जॅकेट कपाटातून काढून एकदा अंगावर घालून बघा. लिफ्ट न वापरता त्या जागेपर्यंत एकदा चालून जा.

दुसरं काम मोबाइलचं. जहाज किनाऱ्यापासून दूर गेलं की फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला आपोआप जोडला जातो आणि त्याचे दर जबर असतात. सुटण्याआधीच एअरप्लेन मोड लावा. घरच्यांना सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही, नाहीतर मुलगी घाबरून सगळ्या नातेवाइकांना कामाला लावेल.

फ्रिजमधल्या बाटल्या फुकट नाहीत. पिण्याचं पाणी बुफेत मिळतं, बाटली तिथे भरून आणा.

जेवणाआधी साबणाने हात धुवा. जहाजावर पसरणाऱ्या जुलाब-उलटीच्या विषाणूवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. कठड्यांना, चमच्यांना शेकडो हात लागलेले असतात.

बोट लागेल असं वाटलं तर गोळी आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर नव्हे. केबिनमध्ये पडून राहू नका. मधल्या भागात उघड्या डेकवर या, क्षितिजाकडे बघा, आलेपाक तोंडात ठेवा. मोबाइल वाचणं बंद. उपाशी राहू नका, कोरडं थोडं खा.

डेकवर जाण्याची दारं जड असतात आणि वाऱ्याने धाडकन मिटतात. चौकटीवर बोटं ठेवू नका. पाय उचलूनच ओलांडा, तिथेही उंबरा आहे.

एवढं झालं की मग खरी मजा. पहाटे साडेपाचला वरच्या डेकवर जा. खलाशी लाकडी फळ्या धूत असतात, त्या निसरड्या असतात, म्हणून रबरी तळव्याचे बूट. पाणी वाळलं की फेऱ्या मारा. त्या वेळी डेकवर बहुतेक साठीच्या पुढचेच भेटतात: कुणी नागपूरचं, कुणी सुरतचं, आणि पहिला प्रश्न 'गुडघे कसे आहेत?' चहा मशीनचा, पातळ. दोन पिशव्या घालून बघा. नाटकाचा पहिला प्रयोग आणि जेवणाची पहिली पाळी घ्या. दहाला पलंगावर, तेव्हा तरुणांचा दिवस सुरू होत असतो. कॅसिनोत नुसतं बघायला जायला हरकत नाही, पण क्रूझ कार्ड केबिनमध्ये ठेवून.

## ११. बंदरात उतरताना

इथे सर्वांत महागडी चूक होते, आणि ती घड्याळाची असते. सिंगापूर भारताच्या अडीच तास पुढे, थायलंड दीड तास. म्हणजे सिंगापूरहून फुकेटला गेलात की दोन घड्याळांत तासाचा फरक. जहाज बहुधा आपली सिंगापूरची वेळ बदलत नाही, पण तुमचा मोबाइल खाली उतरल्यावर आपोआप थायलंडची वेळ दाखवतो. परतायची वेळ जहाजाच्या घड्याळाने पाच असेल तर फुकेटमध्ये तेव्हा चारच वाजलेले असतात. मोबाइलवर विसंबलेला माणूस पाचला धक्क्यावर येतो, तेव्हा जहाज तासापूर्वी गेलेलं असतं.

यावर उपाय म्हणजे मनगटावर साधं काट्याचं घड्याळ, जहाजाच्या वेळेला लावलेलं. उतरताना गँगवेपाशी (जहाजातून धक्क्यावर उतरायच्या पुलापाशी) परतायची वेळ लिहिलेली असते, तिचा फोटो काढा. रोज केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन असतो, तो कागद खिशात ठेवा.

जहाजाने ठरवलेली सहल महाग असते, पण तिची बस अडकली तर जहाज थांबतं. बाहेरच्या टॅक्सीने गेलात तर थांबत नाही. दूर जायचं असेल तर जहाजाची सहल, जवळ हिंडायचं असेल तर टॅक्सी. आणि टॅक्सीने गेलात तर दोन तास आधी परत. दमला असाल तर उतरूच नका. सगळे खाली गेलेले असताना जहाज तुमचं एकट्याचं असतं.

## १२. शेवटची रात्र आणि नंतर

मोठ्या बॅगा आदल्या रात्रीच केबिनबाहेर ठेवायच्या असतात, नवे टॅग लावून. सकाळी घालायचे कपडे, चप्पल आणि कवळी आत राहू द्या. ही तिन्ही बाहेर गेल्याची उदाहरणं दर फेरीत मिळतात.

बिल त्याच रात्री टीव्हीवर बघा. न घेतलेलं पेय, दोनदा लागलेली सहल, चुकीची टीप जे काही असेल ते सकाळच्या रांगेआधी काउंटरवर सांगा. उतरल्यावर भांडण्यात फायदा नाही.

परतीची गाडी संध्याकाळची घ्या. जहाज सकाळी लागलं तरी उतरायला दुपार होऊ शकते. घरी आल्यावर दिवसभर जमीन हलल्यासारखी वाटते, ते आपोआप जातं. चार-पाच दिवसांनंतरही राहिलं, किंवा बोलणं अडखळलं, तोंड वाकडं वाटलं, तर वाट न बघता दवाखाना गाठा. बिलाची प्रत, विम्याचे कागद आणि टीसीएसचं प्रमाणपत्र एका पाकिटात घालून रिटर्न भरेपर्यंत ठेवा, आणि महिनाभर कार्डाच्या हिशेबावर नजर असू द्या. जहाजाकडून उशिरा लागलेली एखादी रक्कम त्यातच दिसते.